आपत्काळासाठी घरात गॅस मास्क ठेवावा का, आणि ठेवायचा तर कोणता?

प्रश्न विचारणारे गृहस्थ सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीपासून जवळच्या वस्तीत राहतात. घरात ते स्वतः, पत्नी, नऊ आणि चार वर्षांची दोन मुले आणि दम्याचा त्रास असलेले वडील आहेत. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हापासून घरात गॅस मास्क असावा असे त्यांच्या मनात आहे. ऑनलाइन बाजारात लष्करी बनावटीचे म्हणून विकले जाणारे मास्क स्वस्तात दिसतात. ते घ्यावेत का, फिल्टर कोणता असावा आणि तो किती वर्षे टिकतो, असे त्यांनी विचारले आहे. मी सोलापूर परिसरातील कारखाने आणि शीतगृहे यांत सुरक्षा अधिकारी म्हणून काम केले आहे आणि श्वसनसंरक्षक साधने निवडणे व ती वापरायला शिकवणे हा त्या कामाचा मोठा भाग होता. त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी निष्कर्ष सांगतो. घरातील प्रौढांसाठी चेहऱ्याच्या मापाचा, पूर्ण चेहरा झाकणारा एकेक मास्क आणि त्याला वायू व धूलिकण दोन्ही अडवणारा, बंद पाकिटातला नवा फिल्टर घेऊन ठेवण्यात काहीच गैर नाही. मात्र हा मास्क विषारी हवेतून बाहेर पडेपर्यंतची काही मिनिटे मिळवून देण्यासाठी असतो, तिथे थांबून राहण्यासाठी नसतो. ही एक गोष्ट पक्की समजली की फिल्टर, माप, किंमत, साठवण यांविषयीचे बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात. ती समजली नाही, तर चांगला मास्कही जिवावर बेतू शकतो.

गॅस मास्क हवा तयार करत नाही. बाहेरची हवा फिल्टरमधून ओढून घ्यायची, तिच्यातील ठरावीक घटक फिल्टरने अडवायचे आणि उरलेली हवा आपण श्वासात घ्यायची, एवढेच त्याचे कार्य आहे. हवेत प्राणवायू साधारण २०.९ टक्के असतो आणि औद्योगिक सुरक्षेत १९.५ टक्क्यांपेक्षा कमी प्राणवायू असलेल्या जागी फिल्टरचा मास्क वापरण्यास मनाई आहे, कारण जे हवेतच नाही ते फिल्टर कुठून आणणार? आपल्या जिल्ह्यात दरवर्षी विहिरीचा गाळ काढताना, मैल्याच्या टाकीत उतरताना किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये शिरताना माणसे दगावण्याची भीती असते, म्हणून हे स्पष्टपणे लिहितो: विहीर, बायोगॅसची टाकी, सेप्टिक टँक, मळीची टाकी, धान्याचे बंद कोठार यांपैकी कुठेही गॅस मास्क घालून उतरू नये, आणि आत पडलेल्या माणसाला वाचवण्यासाठी तर मुळीच उतरू नये. तिथे पाठीवर हवेचा सिलिंडर असलेले साधन, कमरेला दोर आणि वर उभी असलेली माणसे लागतात. विहिरीत डिझेल इंजिन चालवले असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वासही नसतो आणि रंगही नसतो.

हाच कार्बन मोनॉक्साइड आगीच्या धुरातील मुख्य मारेकरी आहे आणि सोलापूरच्या संदर्भात मला सर्वाधिक काळजी याचीच वाटते. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत कारखानदाराचे कुटुंबीय होते आणि कामगारही होते. आपल्याकडे यंत्रमागाच्या शेडला लागून किंवा तिच्या वरच राहण्याच्या खोल्या असतात, जिन्याखाली सुताचे गठ्ठे रचलेले असतात, आणि खिडक्यांना पक्के गज असतात. सुती धागा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड भरमसाट निघतो. ॲक्रिलिक जळाले की त्यात हायड्रोजन सायनाइडचीही भर पडते. नेहमीच्या गॅस मास्कचा फिल्टर, तो कितीही महाग असला तरी, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही, कारण फिल्टरमधल्या सक्रिय कोळशावर, म्हणजे वायू शोषून धरणाऱ्या खास कोळशावर, हा वायू टिकत नाही. त्यासाठी हॉपकलाइट नावाचे मँगनीज व तांब्याच्या ऑक्साइडांचे मिश्रण असलेला वेगळा फिल्टर लागतो. आगीतून बाहेर पडण्यासाठी डोक्यावरून ओढायची टोपीसारखी साधने मिळतात, त्यांना फायर एस्केप हूड म्हणतात. ईएन ४०३ या युरोपीय मानकाप्रमाणे ती १५ मिनिटांसाठी तपासलेली असतात. आपले घर कारखान्याला चिकटून असेल किंवा वरच्या मजल्यावर असेल, तर गॅस मास्कच्या आधी या हूडचा विचार करावा, आणि त्याच्याही आधी धुराची सूचना देणारा अलार्म, आतून उघडता येणारा गज आणि मोकळा जिना यांवर खर्च करावा. धूर भरलेल्या खोलीत जमिनीलगत वाकून बाहेर पडणे हे आजही सर्वांत भरवशाचे तंत्र आहे.

आता वायूगळतीकडे वळतो, कारण गॅस मास्कचा खरा उपयोग तिथे आहे. सोलापूर परिसरात कोणते वायू प्रत्यक्षात असतात, हे पाहिले तर यादी फार लांब नाही. द्राक्षे, डाळिंबे आणि बेदाणा ठेवणाऱ्या मोठ्या शीतगृहांत आणि बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया असतो. पाणी शुद्ध करण्यासाठी सिलिंडरमधला क्लोरीन वापरण्याची पद्धत सर्वत्र आहे. साखर कारखान्यांत रस स्वच्छ करण्यासाठी गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड तयार करतात, आणि बेदाण्याला पिवळसर रंग यावा म्हणून दिली जाणारी धुरी हीदेखील गंधकाचीच. रंगाई आणि धुलाईच्या कारखान्यांत आम्ले व विरंजक रसायने असतात. पुणे-हैदराबाद महामार्गावरून दिवसरात्र टँकर जातात, त्यांत काय आहे ते टँकरवरच्या धोक्याच्या पाटीवरूनच कळते. एक गळती मात्र कुठल्याही घरात होऊ शकते: बाथरूम धुताना ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र केले की जागच्या जागी क्लोरीन तयार होतो. तिथे मास्क शोधत बसू नये. ताबडतोब बाहेर पडावे आणि दारे-खिडक्या उघडाव्यात.

या वायूंची घातकता सारखी नाही. अमेरिकेतील निऑश या संस्थेने जिवाला तत्काळ धोका मानलेली पातळी अमोनियासाठी ३०० पीपीएम आहे, सल्फर डायऑक्साइडसाठी १०० पीपीएम आहे आणि क्लोरीनसाठी अवघी १० पीपीएम आहे. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतील भाग. या तिन्ही वायूंच्या बाबतीत एक दिलासा असा की धोक्याची पातळी येण्याच्या पुष्कळ आधी नाकाला आणि डोळ्यांना ते कळतात. हायड्रोजन सल्फाइडचे तसे नाही. गटारातला हा वायू सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास देतो, परंतु सुमारे १०० पीपीएमला नाक बधिर होते आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो.

स्वयंपाकाच्या गॅसचा प्रश्न अनेक जण विचारतात. एलपीजी गळतीत गॅस मास्कचा काहीही उपयोग नाही; प्रोपेन आणि ब्युटेन फिल्टरमध्ये टिकत नाहीत, आणि तिथला खरा धोका स्फोटाचा असतो. विजेचे कोणतेही बटण न दाबता बाहेर पडणे एवढेच करायचे असते.

फिल्टर निवडताना युरोपीय पद्धतीची अक्षरे आणि रंग समजून घेतले तर दुकानदारावर अवलंबून राहावे लागत नाही. फिल्टरच्या डब्यावर रंगीत पट्टे असतात आणि रोमन लिपीतील अक्षरे असतात. तपकिरी पट्टा आणि ए हे अक्षर म्हणजे ६५ अंश सेल्सिअसच्या वर उकळणाऱ्या सेंद्रिय द्रावकांच्या वाफा. करडा पट्टा आणि बी म्हणजे क्लोरीन, हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन सायनाइड यांसारखे अकार्बनी वायू. पिवळा पट्टा आणि ई म्हणजे सल्फर डायऑक्साइड व तत्सम आम्ल वायू. हिरवा पट्टा आणि के म्हणजे अमोनिया. पांढरा पट्टा आणि पी म्हणजे धूलिकण. या पाचही पट्ट्यांचा एकत्रित फिल्टर एबीईके-पी३ या नावाने मिळतो आणि घरगुती तयारीसाठी तोच घ्यावा, कारण गळती कशाची होईल हे आपल्याला आधी माहीत नसते. अमेरिकी पद्धतीत रंग वेगळे आहेत: तिथे सेंद्रिय वाफांसाठी काळा, आम्ल वायूंसाठी पांढरा आणि कणांसाठी किरमिजी. म्हणजे एका पद्धतीतला पांढरा पट्टा दुसऱ्या पद्धतीत अगदी निराळे सांगतो. एका शीतगृहात अमोनियाच्या खोलीबाहेर टांगलेल्या मास्कना केवळ सेंद्रिय वाफांचे फिल्टर लावलेले मी पाहिले आहेत. मास्क नवे होते, डोक्यावर घ्यायचे पट्टे मऊ होते, आणि अमोनिया सुटला असता तर त्यांनी जवळपास काहीच अडवले नसते. म्हणून अक्षरे वाचल्याशिवाय फिल्टर विकत घेऊ नये.

ए, बी, ई, के या वायूंच्या अक्षरांपुढचा आकडा फिल्टरची धारणशक्ती सांगतो (पी३ मधला तीन हा धूलिकणांचा वेगळा वर्ग आहे). पहिला वर्ग हवेत ०.१ टक्का, म्हणजे १,००० पीपीएमपर्यंत वायू असेल तर चालतो, दुसरा ०.५ टक्क्यांपर्यंत आणि तिसरा १ टक्क्यापर्यंत. तिसऱ्या वर्गाचे डबे इतके जड असतात की ते कमरेला अडकवून नळीने जोडावे लागतात, त्यामुळे घरासाठी ते बाद. पहिल्या वर्गाचे फिल्टर हलके असतात. दुसऱ्या वर्गाचे वजन वाढते, परंतु राखीव शक्तीही वाढते. माझी शिफारस दुसऱ्या वर्गाची आहे, फक्त तो चेहऱ्यावर लावल्यावर मान पुढे ओढली जात नाही ना हे घालून पाहावे. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कवर थेट लावायच्या फिल्टरचे वजन ५०० ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे युरोपीय मानक सांगते.

या आकड्यांवरून फिल्टर किती मिनिटे चालेल याचा हिशेब करण्याचा मोह होतो, आणि तिथे सावध राहायला हवे. प्रयोगशाळेत फिल्टर तपासताना त्यातून मिनिटाला ३० लिटर हवा सोडतात. बी प्रकारच्या पहिल्या वर्गाच्या फिल्टरने १,००० पीपीएम क्लोरीन किमान २० मिनिटे अडवला पाहिजे, अशी अट असते. मूल कडेवर घेऊन जिना उतरणारा घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटरच्या कितीतरी जास्त हवा ओढतो, आणि हवेतील दमटपणामुळेही कोळशाची शक्ती कमी होते. त्यामुळे २० मिनिटे ही आपली मुदत समजू नये. मास्क घातल्यावर आत वास किंवा चव जाणवू लागली की फिल्टर संपत आला असे धरून अधिक वेगाने स्वच्छ हवेकडे निघावे.

फिल्टरच्या मर्यादांचे एक उदाहरण आपल्या देशातलेच आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये सुटलेला मिथाइल आयसोसायनेट सुमारे ३९ अंशांना उकळतो, म्हणजे साध्या ए प्रकारच्या फिल्टरच्या ६५ अंशांच्या अटीत तो बसत नाही. याउलट ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणममध्ये सुटलेले स्टायरिन सुमारे १४५ अंशांना उकळते आणि ए फिल्टर ते चांगले धरतो. तरीही दोन्ही ठिकाणी गळती रात्री किंवा पहाटे झाली आणि माणसे झोपेत होती. कपाटाच्या वरच्या खणात, चादरींच्या मागे ठेवलेला मास्क अशा वेळी हाती लागत नाही.

आता चेहऱ्यावर बसणाऱ्या भागाविषयी. अर्धा मास्क फक्त नाक-तोंड झाकतो. अमोनिया आणि क्लोरीन डोळ्यांना इतके झोंबतात की डोळे मिटले जातात, आणि मिटल्या डोळ्यांनी कोणीही जिना उतरू शकत नाही. म्हणून पूर्ण चेहऱ्याचाच मास्क हवा. अमेरिकी नियमांत अर्ध्या मास्कचा संरक्षण गुणांक १० धरतात आणि पूर्ण चेहऱ्याच्या मास्कचा ५०, म्हणजे आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा निदान तितक्या पटीने स्वच्छ राहावी अशी अपेक्षा असते. तीही मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटला असेल तरच. मास्कची चेहऱ्याला चिकटणारी कड म्हणजे सील; दाढीचे खुंट जरी सीलखाली आले तरी फट राहते. आठवड्याची दाढी ठेवणाऱ्या माणसाने मास्कवर पैसे घालवू नयेत, किंवा दाढी तरी काढावी. मिशी सीलच्या आत मावत असेल तर हरकत नाही. चष्म्याच्या काड्या सील फोडतात. आत बसवायची चष्म्याची चौकट ज्या मास्कला मिळते तो घ्यावा. स्त्रियांनी पट्टे पदरावरून किंवा ओढणीवरून न घेता थेट डोक्यावर घ्यावेत आणि अंबाडा पट्ट्याच्या आड येत असेल तर केस खाली सोडावेत. सामग्रीत सिलिकॉन मऊ असते आणि उष्णतेला चांगले टिकते. साध्या रबराला कालांतराने तडे जातात. लहान, मध्यम, मोठी अशी मापे मिळतात, आणि माप न विचारता मास्क विकणाऱ्याकडून तो घेऊ नये.

घातल्यावर फिल्टरच्या तोंडावर तळहात दाबून हलकेच श्वास आत ओढावा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन दहा सेकंद तसाच राहिला तर सील बरोबर आहे. ही चाचणी प्रत्येक वेळी करायची असते. कारखान्यांत याशिवाय सॅकरिनच्या किंवा कडू चवीच्या फवाऱ्याने फिट टेस्ट, म्हणजे मास्क नीट बसतो का याची चाचणी, घेतात. ती करून देणारा सुरक्षा साहित्याचा विक्रेता मिळाला तर जरूर करून घ्यावी.

फिल्टर जोडण्याच्या आट्यांचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ईएन १४८-१ या मानकाच्या ४० मिलिमीटर आट्या असलेला मास्क घेतला तर अनेक उत्पादकांचे फिल्टर त्याला बसतात. स्वतःच्या खास खाचेचेच फिल्टर लागणारा मास्क स्वस्त पडतो, परंतु पाच वर्षांनी तो फिल्टर बाजारात मिळेल याची खात्री नसते.

आपण पाहिलेल्या लष्करी बनावटीच्या स्वस्त मास्कविषयी माझे मत स्पष्ट आहे: जुना लष्करी माल घेऊ नये. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मास्कच्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. काही जुन्या अमेरिकी फिल्टरच्या कोळशावर क्रोमियमच्या विषारी संयुगाचा लेप असे. जुना फिल्टर काम करत नाही एवढ्यावरच भागत नाही, तो स्वतःच अपाय करू शकतो. संग्रहाची हौस असेल तर वस्तू म्हणून ठेवावा, तोंडाला लावू नये. नव्या मालात मास्कवर ईएन १३६ आणि फिल्टरवर ईएन १४३८७ किंवा संबंधित भारतीय मानकाचा उल्लेख, उत्पादनाचा महिना आणि अंतिम मुदत या गोष्टी छापलेल्या असल्या पाहिजेत. आयएस ९४७३ हा आकडा दिसला तर लक्षात ठेवावे की ते मानक कण अडवणाऱ्या मास्कचे आहे. त्याचा वायूशी संबंध नाही. यंत्रमागाच्या खात्यातील सुताच्या धुळीसाठी तसा मास्क योग्य आहे, गळतीसाठी नाही.

नागरी संरक्षणाच्या सरावामुळे आपल्या मनात युद्धाची भीतीही असेल, म्हणून त्याविषयीही सांगतो. पी३ फिल्टर किरणोत्सारी धूळ फुप्फुसात जाऊ देत नाही, परंतु गॅमा किरणांना कोणताही मास्क अडवत नाही. रासायनिक युद्धासाठीची मुखसाधने ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी विकसित केली आहेत. त्यांच्यासोबत पूर्ण पोशाख आणि प्रशिक्षण असते. सोलापूरच्या घराने त्या दर्जाच्या मागे लागण्यापेक्षा अमोनिया, क्लोरीन आणि धूर यांची तयारी करणे शहाणपणाचे आहे.

मुलांसाठी मोठ्यांचा मास्क कधीही वापरू नये. लहान चेहऱ्यावर तो सील होत नाही, आणि फिल्टरमधून हवा ओढण्याची ताकद चार वर्षांच्या मुलात नसते. वडिलांना दमा आहे, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनाही मास्क घालू नये, कारण फिल्टरचा अडथळा आजारी फुप्फुसाला जड जातो. ज्या घरात तिघे मास्क घालू शकत नाहीत, त्या घराची योजना मास्कवर उभी राहू शकत नाही. म्हणून घरातली एक खोली निवडून ठेवावी: पक्क्या स्लॅबची, कमी खिडक्यांची, शक्यतो वरच्या मजल्यावरची, कारण क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असून खालच्या जागी साचतो. गळतीची बातमी आली की सर्वांत आधी कूलर बंद करावा. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघर चालणारा कूलर बाहेरचीच हवा आत ओढत असतो, आणि हे ऐन वेळी कोणाच्याही लक्षात येत नाही. मग खिडक्या लावून फटींना चिकटपट्टी आणि दाराखाली ओला टॉवेल लावावा. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, त्यामुळे नाकातोंडावर चार पदरी ओले फडके धरल्याने मुलांनाही काही काळ खरा आराम मिळतो. घर पत्र्याचे असेल तर भिंत आणि पत्रा यांमधली फट बंद होणार नाही. अशा घरातून वाऱ्याच्या आडव्या दिशेने लवकर बाहेर पडावे. वारा कुठून येतो हे झेंड्यावरून किंवा धुरावरून पाहून घ्यावे आणि ११२ वर कळवावे.

राहता राहिला टिकाऊपणा. बंद पाकिटातला फिल्टर त्यावर छापलेल्या मुदतीपर्यंत चालतो; पाकीट उघडल्यावर तो न वापरताही हवेतील ओलावा आणि वाफा शोषत राहतो, म्हणून उत्पादकाने दिलेल्या मुदतीत, बहुधा सहा महिन्यांत, बदलावा, आणि गळतीत एकदा वापरलेला फिल्टर पुन्हा वापरू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. मास्क तिथे, माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. तो पलंगाजवळ, हाताला लागेल अशा जागी, घडी न घालता डब्यात ठेवावा आणि त्यावर रॉकेल, डांबराच्या गोळ्या किंवा कीटकनाशकाची वाफ येऊ देऊ नये. वर्षातून दोनदा बाहेर काढून श्वास बाहेर सोडण्याची झडप चिकटलेली नाही ना, पट्टे ताणले गेले नाहीत ना हे पाहावे. सरावासाठी जुना, मुदत संपलेला फिल्टर वेगळा ठेवावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तसे लिहावे.

त्या सरावात एक गोष्ट आवर्जून करावी. नव्या फिल्टरला एका बाजूला झाकण आणि दुसऱ्या बाजूला बूच असते. दोन्ही काढल्यावरच हवा येते. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलमध्ये बूच न काढताच मास्क घातल्यामुळे माणसे गुदमरून मरण पावली. घरातील प्रत्येक प्रौढाने पाकीट फाडणे, दोन्ही बाजू उघडणे, फिल्टर आट्यांत बसवणे, मास्क हनुवटीपासून वर चढवणे, खालचे पट्टे आधी आणि वरचे नंतर ओढणे आणि तळहाताने सील तपासणे हा क्रम अंधारात, न बोलता करता येईपर्यंत करून पाहावा.